चटईखालची फळी

पाहुणा येणार म्हटलं की आपण आधी काय करतो? फाटकी चादर आत सारतो, तडा गेलेला कप मागं ढकलतो, खुर्चीची मोडकी बाजू भिंतीकडं करतो. त्यात लबाडी नसते. येणाऱ्याला आपलं उणं दिसू नये, त्याला बसताना संकोच वाटू नये, एवढाच त्यातला भाव. प्रत्यक्ष देव घरी येणार असता तरी आपण हेच केलं असतं, आणि तो हसून म्हणाला असता, अरे, तुझ्या माळ्यावर काय पडलंय तेही मला ठाऊक आहे. पण महापालिका म्हणजे देव नव्हे. तिला झाकलेलं दिसत नाही, आणि दिसलं तरी ती ते लिहीत नाही.

वस्तीच्या टोकाला महापालिकेचं विरंगुळा केंद्र होतं. एक मोठा हॉल, दोन लहान खोल्या, पुढं चार बाकं. सकाळी म्हातारी माणसं व्यायामाला यायची, दुपारी बायका शिवणाच्या यंत्रांवर बसायच्या, संध्याकाळी टेबल टेनिसची टकटक आणि बुद्धिबळावरून भांडणं. हॉलची जमीन लाकडी होती. पडलं तरी हाड मोडू नये म्हणून कुण्या शहाण्या माणसानं पूर्वी ती करून घेतली होती. त्या जमिनीची खरी मालकीण म्हणजे मावशी. पगारपत्रकावर ती सफाई कामगार होती. पण एकोणीस वर्षं दर शनिवारी गुडघ्यांवर बसून तिनं त्या फळ्यांना मेण चोळलं होतं. जुन्या मोज्यांचा बोळा, पातळ मेण, आणि तोंडानं देवाशी चाललेलं बोलणं. बोलणं कसलं, भांडणच. “तुला काय, तू वर बसलायस. इथं गुडघे कुणाचे जातात?” असं ती म्हणायची आणि पुढच्या फळीकडं सरकायची. त्या जमिनीत बघून केस विंचरावेत इतकी ती चकचकीत होती.

मावशीचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यानं बस चालवली आणि एकदाही कुणाला ओरखडा आला नाही, हे तो स्वतः सांगायचा आणि दुसऱ्यांकडूनही वदवून घ्यायचा. निवृत्त झाल्यावर सात महिन्यांत त्याची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, हात लोंबला, पाय ओंडक्यासारखा. थट्टा मात्र शाबूत राहिली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचा पहिला धड शब्द होता “ब्रेकडाउन”.

डॉक्टर म्हणाले, चालण्याचा सराव केला तर चालेल, नाही केला तर नाही. सराव करायला लागतात कमरेएवढ्या उंचीच्या दोन दांड्या, समोरासमोर जमिनीत पक्क्या बसवलेल्या. तशा दांड्या त्या भागात एकाच ठिकाणी होत्या. केंद्राच्या हॉलमध्ये, दारापासून खिडकीपर्यंत. सोळा पावलांचं अंतर.

पहिले चार महिने ड्रायव्हरकाका दांड्या धरून नुसते उभे राहिले. मग एक पाऊल. मग तीन. व्यायाम शिकवणारी ताई मोजायची, आणि काका प्रत्येक पावलाला थांबा म्हणायचे. “पाचवा थांबा. उतरणारे उतरा.” दोन वर्षांनी ते चौदाव्या थांब्याला पोचले. सोळावा म्हणजे खिडकी. खिडकीला हात लागला की दांड्या सुटणार आणि काठी येणार, असं ताईनं कबूल केलं होतं. काठी आली की घरचा जिना स्वतः उतरता येईल, शेजारच्या पोरांनी खुर्चीसकट उचलून न्यायला नको. जिना उतरता आला की ते बस डेपोपर्यंत जाऊन जुन्या मित्रांना शिव्या घालून येणार होते. एवढंच त्यांना हवं होतं.

खिडकीकडच्या कोपऱ्यात छत तीन वर्षं गळत होतं. पाच बादल्या लागायच्या. पाणी फळ्यांच्या फटींतून खाली मुरायचं. खिडकीजवळच्या एका फळीवर पाय दिला की ती पावासारखी दबायची, म्हणून तिकडून कुणी जायचं नाही. केंद्राचे सचिव मास्तर दर वर्षी अर्ज लिहायचे. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. अर्ज इतके सुंदर असायचे की ते वाचण्याऐवजी कुणीतरी जपून ठेवत असावं. या वर्षी मात्र उत्तर आलं. जुन्या केंद्रांच्या दुरुस्तीसाठी निधी ठेवला आहे, मंगळवारी अकरा वाजता इंजिनीअर पाहणीला येतील.

मग काय विचारता! पाहुणा येणार. रविवारी भिंतीवरचा ओलीचा डाग रंगानं झाकला. रंग कमी पडला तेव्हा तिथं शिवणवाल्या बायकांनी भरतकामाची चौकट टांगली. मोडक्या खुर्च्या मागच्या खोलीत गेल्या. पाचही बादल्या मावशीनं घासून मोरीत पालथ्या ठेवल्या. सोमवारी तिनं सगळ्या जमिनीला दोनदा मेण लावलं. शेवटी ती कुजकी फळी उरली, काळी पडलेली. मावशी घरी गेली, नवऱ्याच्या पलंगाखालची चांगली चटई काढून आणली आणि त्या फळीवर अंथरली. लांबून बघितलं, कोपरा सरळ केला. सुरेख दिसत होतं.

पैसे मागायला बसलेली माणसं आपली गरज स्वतःच्या हातानं पुसून काढत होती, आणि एकालाही ते सुचलं नाही. सगळे खुशीत होते.

इंजिनीअर वेळेवर आला. वयानं तिशीचा, कमरेला टेप, बोलायला नम्र. आल्या आल्या त्यानं बूट काढले, आणि मावशीनं त्याला तिथंच आपल्या माणसांत जमा केलं. त्यानं खिडक्या मोजल्या, भिंतीवर टकटक केली, भरतकामाचं कौतुक केलं. मग तो दांड्यांच्या बाजूनं कोपऱ्यात गेला आणि त्याचा पाय चटईवर पडला.

फळी दबली. त्यानं खाली बघितलं, मग मावशीकडं. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “साहेब, जरा इकडून या,” ती पुटपुटली. तो इकडून आला. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि म्हणाला की इतकी नीट ठेवलेली वास्तू त्यानं सबंध शहरात पाहिली नाही. मास्तरांनी गळतीचं चार पानी निवेदन तयार ठेवलं होतं. पण माणूस एवढं चांगलं बोलतोय, त्यात आपण कुठं रडगाणं लावायचं, म्हणून ते त्यांनी नुसतंच त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं. वीस मिनिटांत पाहणी संपली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मास्तरांनी बाकावर उभं राहून वाचलं. वास्तूची स्थिती समाधानकारक. दुरुस्ती निधीची आवश्यकता नाही. त्यांनी ते पुन्हा वाचलं, जणू व्याकरणाच्या चुका काढत होते. मग शिवणवाल्या बायकांतली एक म्हणाली, “आपणच आपल्या पायावर मेण लावलं.” एरवी हसू फुटलं असतं.

मावशी हसली नाही. तिनं मोरीतून पाच बादल्या आणल्या आणि जागच्या जागी ठेवल्या, प्रत्येक बादली जमिनीवर आपटून. चटई मात्र उचलली नाही. निदान दिसायला तरी बरं, एवढाच विचार. आणि ड्रायव्हरकाका चौदाच्या पुढं कधी गेलेच नव्हते, त्यामुळे दांड्यांचं शेवटचं टोक त्या चटईवर येतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पुढच्या गुरुवारी काका रंगात होते. चौदावा थांबा सहज गाठला. ताई म्हणाली, बस, आज एवढंच. काका म्हणाले, “गाडी चांगली पळतेय, थांबवतेस कशाला?” मावशी खिडकीपाशी खुर्ची धरून उभी होती, तोंडभर हसत. त्यांनी उजवा पाय उचलला, तोच मेलेला पाय, आणि पंधराव्या थांब्यावर ठेवला.

चटई खाली गेली. त्यांच्यासकट.

पाय नडगीपर्यंत आत गेला. हाड मोडलं नाही, देवाची कृपा म्हणायची, पण सालपट गुडघ्यापर्यंत निघालं. चौघांनी मिळून त्यांना वर काढलं. काका ओरडले नाहीत. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी त्या भोकाकडं बघितलं, त्यात लोंबणाऱ्या आपल्या घरच्या चटईकडं बघितलं, आणि म्हणाले, “गाडी डेपोत लाव.”

त्या दिवसापासून ते उठेनात. ताई घरी आली, तिनं गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. भिंत धरून उभं राहा म्हटलं तर मान हलवायचे. ज्या माणसानं एकतीस वर्षं दुसऱ्यांना नीट पोचवलं त्याचा जमिनीवरचाच विश्वास उडाला होता. मावशी रात्रंदिवस एकच गोष्ट मनात घोळवत होती. चटई माझी. अंथरली मी. वर कोपरा सरळ केला.

अपघात झाला म्हणून नियमाप्रमाणे ताईनं विभागाला कळवलं. महापालिका किती चपळ आहे ते तेव्हा कळलं. तीन वर्षांत छताला एक खिळा आला नव्हता. दोन दिवसांत खळीचा डबा घेऊन माणूस आला आणि दारावर कागद चिकटवून गेला. वास्तू धोकादायक. प्रवेश बंद. हॉलला केंद्राचंच कुलूप लागलं, किल्ली मावशीकडंच राहिली.

मावशीनं कागदाखालची सही बघितली. मग मास्तरांकडून ते आधीचं पत्र मागून घेतलं आणि दोन्ही सह्या एकमेकींशेजारी धरल्या. तोच वळसा, तीच खाली ओढलेली रेघ. एकाच हातानं लिहिलं होतं की स्थिती समाधानकारक आहे, आणि महिना व्हायच्या आत त्याच हातानं लिहिलं होतं की इथं मरण आहे.

इथवर तिचा राग स्वतःवर होता. तो त्या दारात उभ्या उभ्या फिरला. राग वाईट असं आपण सगळे ऐकत आलो आहोत, आणि भांड्याला पोचे पाडणारा राग वाईटच. पण चुलीतला विस्तवही रागच आहे, त्यावर अन्न शिजतं. मावशीनं दारावरचा कागद अलगद, न फाडता काढला. चिकटवलेलं सोडवण्यात तिचा हात बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती महापालिकेत गेली. बरोबर मास्तर. वाटेत ते म्हणाले की मी एक अर्ज लिहून आणलाय. “मास्तर, आज अर्ज नको. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा,” मावशी म्हणाली.

इंजिनीअरनं तिला ओळखलं. उठून उभा राहिला, खुर्ची दिली. ती बसली नाही. तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, यातलं खरं कुठलं?

तो म्हणाला, पाहणीच्या दिवशी जे दिसलं ते लिहिलं. रंग नवा होता, जमीन उत्तम होती. आणि हळूच म्हणाला, “मावशी, झाकलं तर तुम्हीच होतं.”

“झाकलं,” मावशी म्हणाली. “मीच झाकलं. त्याचं पाप माझं, ते मी फेडतेय, माझा नवरा उठत नाहीये. पण तुम्ही त्यावर पाय दिला होता. फळी दबली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग जाऊन बिस्कीट खाल्लंत.”

खोलीत आणखी दोघं कारकून होते. त्यांनी कागदात डोकी घातली.

इंजिनीअरचे कान लाल झाले. मग तो जे बोलला ते बहुधा त्याला बोलायचं नव्हतं. वीस केंद्रांची यादी होती. निधी चारांपुरताच. कुणीतरी वगळायलाच लागणार होतं. ज्यांचं छत खाली आलंय ती चार वर घ्या, असा वरून निरोप होता. “तुमचं निदान उभं होतं, मावशी. तुम्ही ते इतकं छान ठेवलं होतं.”

“म्हणजे मी ते छान ठेवायला नको होतं.”

त्यानं टेबलावरचे दोन्ही कागद उगाचच सरळ केले.

“एकोणीस वर्षं मी गुडघे झिजवले, म्हणून तुम्ही आम्हाला वगळलंत. घाणीत ठेवलं असतं तर त्या चारांत आलो असतो.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मास्तर नंतर सांगायचे. “बरं. आता आमची माणसं चालणार कुठं?”

त्यानं सांगितलं की पुढच्या वर्षीच्या यादीत नाव घालतो, तोवर दुसरी सोय विभागाकडं नाही. मावशीनं कागद उचलले. बाहेर आली तेव्हा प्रथमच तिनं तो बोळ नीट बघितला. तिसरा मजला, लांबच लांब फरशी, एका बाजूला अंगणाकडं उघडा कठडा आणि कठड्यावर कमरेएवढ्या उंचीवर पितळी दांडी. तिनं दांडी हलवून बघितली. पक्की होती. मग तिनं बोळ पावलांनी मोजला. जिन्याशेजारच्या लिफ्टपासून इंजिनीअरच्या दारापर्यंत बावीस.

“मास्तर,” ती म्हणाली, “विरंगुळा केंद्र सापडलं.”

सोमवारी सकाळी दहा वाजता लिफ्टमधून अकरा माणसं उतरली. व्यायामाची ताई, आठ म्हातारी, मावशी, आणि चाकाच्या खुर्चीत ड्रायव्हरकाका. ते यायला तयार नव्हते. मावशीनं त्यांना एवढंच सांगितलं होतं, “चालायचं नाही ना? नका चालू. पण घरी बसता तसं तिथं येऊन बसा. यांनी काय केलंय ते यांना दिसू दे.” ताईनं शिट्टी वाजवली. आठ म्हातारे पितळी दांडी धरून गुडघे वर उचलायला लागले. फायली घेऊन जाणारे शिपाई त्यांना वळसा घालून जाऊ लागले. कर भरायला आलेल्या एका बाईनं चौकशी केली, आणि ती पण पाच मिनिटं खांदे फिरवून गेली.

थोड्या वेळानं पहारेकरी आला. गणवेशाचा माणूस, वर्दळ हलवायची सवय. त्यानं दहांना सोडलं आणि बोळाच्या मधोमध खुर्चीत बसलेल्या एकट्या माणसाला गाठलं.

“इथं थांबता येणार नाही,” तो म्हणाला. “रस्ता अडतोय. पुढं चला.”

काकांनी मान वर केली. एकतीस वर्षं गाडीच्या दारात लटकणाऱ्यांना हेच वाक्य त्यांनी आरशातून सांगितलं होतं. आता एक पोरसवदा माणूस ते त्यांना सांगत होता. त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू थरथरली. मावशीला वाटलं, रडणार. पण ते रडणं नव्हतं. तिनं त्यांना एवढं संतापलेलं आयुष्यात दोनदाच बघितलं होतं.

“ऐकलंस?” ते तिला म्हणाले. जीभ अडखळत होती, शब्द नव्हते अडखळत. “म्हणे पुढं चला. खुर्ची धर गं.”

त्यांनी डावा हात पितळी दांडीवर टाकला. मावशीनं खुर्ची धरली. ताई धावत आली, पण तिनं हात लावला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. काका उठले. उजवा पाय हवेत थोडा वेळ तसाच राहिला, जणू फरशीला विचारत होता. मग त्यांनी तो टेकवला. फरशी दबली नाही.

“पहिला थांबा,” पहारेकऱ्याच्या तोंडावर ते म्हणाले.

त्या दिवशी सहा झाले. पहारेकरी वरिष्ठांना विचारायला गेला. तो परतला नाही. बहुधा म्हाताऱ्यांना कठडा धरू देऊ नये असा कागद कुणाला सापडला नसावा. मंगळवारी काका अकरापर्यंत गेले. बुधवारी त्या मजल्याची झाडूवाली मावशीजवळ आली. आपल्याच कामातली, ओल्या फडक्यासारखे पिळलेले हात. ती म्हणाली, तुमची माणसं येतात म्हणून मी आता आठ वाजताच पुसून घेते, दहापर्यंत कोरडं होतं, घसरायची भीती नको. मावशीनं वाकून फरशी बघितली, कोपऱ्यांत बोट फिरवलं, आणि म्हणाली, हात चांगला आहे तुझा. त्या अख्ख्या इमारतीत तिनं केलेलं तेवढंच कौतुक.

गुरुवारी काका बाविसाव्या थांब्याला पोचले. समोर दार होतं. त्यांनी ते ठोठावलं नाही, नुसता तळहात त्यावर टेकवून उभे राहिले, घामानं डबडबलेले. दार आतून उघडलं आणि इंजिनीअर समोर आला. दोघं वीतभर अंतरावर.

“शेवटचा थांबा,” काका म्हणाले. “आता परत फिरायचंय. बाजू द्या.”

इंजिनीअरनं बाजू दिली. ते वळले. वळायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तो सगळा वेळ तो माणूस दार धरून उभा होता. मग तो आत गेला. बाहेर आला तेव्हा कमरेला टेप होती आणि हातात पाहणीचा कोरा नमुना.

त्यानं मावशीला सांगितलं की निधीचं तो काही वचन देत नाही, ते त्याच्या हातात नाही. पण पाहणी पुन्हा करता येते, आणि या वेळी जे असेल ते लिहीन. ती बरोबर येईल का, दाखवायला?

मावशीनं त्याच्याकडं बघितलं. तिचा राग गेला नव्हता. तो कधी जाणार होता, कुणास ठाऊक. पण किल्ली तिच्याच खिशात होती.

“आत्ताच चला,” ती म्हणाली. “आणि बूट काढू नका. पंधरा दिवस झाडलेलं नाही.”